छबुबाईच्या पोरीला देवी करायचं ठरलं तेव्हा

छबुबाईच्या दारावरून जाताना निंबोळवाडीची माणसं पायाखाली बघून चालतात. बाई वाईट नाही. तिचा राग फक्त तयार असतो, चुलीवर आधण ठेवल्यासारखा. कुणी जाता जाता "काय छबुबाई, बरं हाय ना?" म्हणालं, तर ती हातातलं काम न थांबवता विचारते, "बरं नसलं तर काय करताव?" गावात या प्रश्नाला अजून कुणाला उत्तर सुचलेलं नाही. सुचलं असतं तर दोन हजार तेराच्या उन्हाळ्यात जे झालं ते झालंच नसतं.

बाई मूळची परळीची. बाप थर्मलच्या राखेच्या ट्रकवर होता, त्यामुळे लहानपणी भाकरीवर मिठाच्या आधी राख पडायची, असं ती सांगते. लग्न होऊन मांजरसुंब्याच्या फाट्यापासून सहा किलोमीटर आत, या गावात आली. नवरा कचरू फाट्यावरच्या ढाब्यावर तंदूरच्या रोट्या लावतो. स्वभावानं तोही मळलेल्या पिठासारखाच, जो दाबील त्याच्या बोटांचा आकार घेणारा. बायको दोघांपुरतं एकटीच रागावून घेते म्हटल्यावर त्याला वेगळं रागवायची गरज उरली नसावी.

गावच्या दूध संस्थेत छबुबाई बारा वर्षं कॅन धुते. चाळीस चाळीस लिटरचे कॅन, आत खांद्यापर्यंत हात घालून. तिनं घासलेल्या कॅनात बघून शीतकेंद्रातल्या एका साहेबानं म्हणे भांग पाडला होता. तरी संस्थेत चहा आला की तिचा स्टीलचा वेगळा पेला खिडकीच्या बाहेरच्या कडेला ठेवलेला असे. संस्था सहकारी आहे, बोर्डावर तसं ठळक लिहिलंय. पेल्याला सहकार लागू नव्हता.

मग त्याच संस्थेत तिची पोरगी आत खुर्चीवर बसली. संघमित्रा, घरात मित्रा, बारावी सायन्सला. सेक्रेटरी बंकटला फॅट मोजायचं मशीन कधी उमगलंच नाही. त्याच्या हातानं म्हशीचं दूध शेळीचं निघायचं आणि मग रोज सकाळी भांडणं. मित्रानं दोन दिवसांत मशीन शिकून घेतलं. चेअरमन माणिकराव म्हणाले, "हुशार हाय पोरगी, बसू द्या तिला." त्या दिवशी छबुबाई बाहेर कॅन घासत घासत आत बघत होती आणि तिचा चेहरा चक्क कुणावर चिडल्यासारखा दिसत नव्हता. लोकांना काळजी वाटली, बाईला बरं नाही की काय.

आदल्या साली पाऊस फिरकलाच नव्हता. फेब्रुवारीपासून गावाला टँकर. टँकर विहिरीत रिकामा करायचा आणि लोकांनी दोर-बादलीनं पाणी शेंदून घ्यायचं, अशी व्यवस्था. टँकर मागं घेऊन थेट काठाला लावता यावा म्हणून माणिकरावांनी विहिरीचा एका बाजूचा कठडा पाडून घेतला. पाईप लांबवत बसलं तर अर्धा तास जातो आणि ड्रायव्हर कुरकुरतो, हे कारण. "चार दिवसांत जाळी बसवतो," म्हणाले. ते चार दिवस मार्च सरत आला तरी चालूच होते.

आणि मार्चच्या शेवटी सायरा त्या पाडलेल्या बाजूनं विहिरीत गेली. सायरा म्हणजे शफीची थोरली. शफी संस्थेचं दूध टेम्पोनं केजच्या पुढं शीतकेंद्राला नेतो. मित्रा आणि सायरा पहिलीपासून एका बाकावर बसलेल्या. टँकर आला की पाणीही जोडीनं शेंदायच्या, एकीनं बादली सोडायची, दुसरीनं दोर धरायचा. त्या दिवशी विहिरीभोवती सगळा गाव, दोरात दोर गुंतलेले, मागून रेटारेटी. सायराला वर काढलं तेव्हा सगळं संपलेलं होतं. पंचनाम्यात लिहिलं, पाय घसरून. कठड्याबद्दल त्यात अक्षर नाही. पंच माणिकरावांच्या ओसरीवर बसूनच सह्या करत होते, तिथून विहीर दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी मित्राचा शेवटचा पेपर होता. तळहात दोरानं सोलून निघाले होते. छबुबाईनं हळद भरली, फडकं बांधलं आणि म्हणाली, "आधी पेपर दे, मग रड." पोरगी पेपर देऊन आली. रडली मात्र नाही. शफीच्या घरी जाऊन सायराच्या अम्मीजवळ दिवसभर बसली, डोळे कोरडे. अख्खा गाव म्हणाला, खंबीर पोरगी आहे. छबुबाईला अभिमान वाटला. तो अभिमान आठवला की आजही ती हातातलं भांडं आपटते.

एप्रिलपासून मित्राचं काहीतरी बिनसलं. वरून बघावं तर सगळं नीट. जेवायची, केंद्रावर जायची, मशीन चालवायची. पण मधेच थांबायची. डोळे उघडे, पण हाक पोचायची नाही. कधी मिनिटभर, कधी पाच मिनिटं. परत आली की विचारायची, "माय, आज कोणता वार हाय?" एकदा भाकरी थापता थापता स्वतःच्या हातांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "हे हात कुणाचे हायत?"

"तुझ्या बापाचे," छबुबाई म्हणाली. "आटप, तवा जळायलाय."

मित्रा हसली नाही. "मला सगळं काचेपल्याड दिसायलंय. तू बी. तुझा आवाज लई लांबून येतोय, माय."

"झोप न्हाई नीट तुला. आज लवकर पड."

एवढं बोलून छबुबाई पाण्याच्या रांगेत घागर लावायला गेली.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळच्या संकलनाला, मित्रा भरलेल्या कॅनात दूध ओतत राहिली. कॅन उतू गेला, ही ओततेच आहे. दूध ओट्यावरून खाली उतरलं आणि लिंबाच्या बुडाशी शेंदूर फासलेला दगड आहे, तिथवर ओघळत गेलं.

"ए पोरी, कुठं हाय ध्यान तुझं?" बंकट ओरडला.

"मी इथं न्हाई," मित्रा म्हणाली. कुणी वेळ विचारल्यावर सांगावी तसं सांगितलं.

रांगेत पुढं दगडाबाई उभी होती. तिनं पोरीचे थिजलेले डोळे बघितले, दगडापर्यंत गेलेलं दूध बघितलं, हातातली किटली खाली ठेवली आणि सरळ मित्राच्या पायावर डोकं टेकवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चार थेंब पडले. किती, तर वाळत घातलेली लुगडी काढायला कुठल्या बाईला उठावंसं वाटलं नाही, इतके. पण पडले. संध्याकाळपर्यंत गावात ठरून गेलं की कचरूच्या पोरीत देवी आली आहे, आणि देवीला दूध पाहिजे.

ज्या घरचा चहा म्हटलं की लोकांना आधीच पित्त झालेलं असायचं, त्या घरात लोक नारळ घेऊन यायला लागले. बायकांनी मित्राला कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या भरल्या, कपाळ कुंकवानं माखलं, पाऊस कधी, जावई कधी सुधारेल, म्हैस कधी गाभण जाईल, सगळं विचारून घेतलं. पोरगी लाकडासारखी बसून असायची. आणि जितकी माणसं वाढली, तितकी ती जास्त वेळ हरवायला लागली. आधी पाच मिनिटं होती, आता अर्धा अर्धा तास.

कचरूची मात्र मान ताठ झाली. घरी आला तो सांगतच आला. "छबे, मला आज संस्थेत खुर्ची दिली बसायला."

"मोडली न्हाई का?"

"थट्टा करू नको. बंकटनं सोताच्या हातानं चहा दिला. आतल्या कपात."

"आन पोरीनं काल तोंडातला घास तसाच धरून ठिवला, गिळायचं बी सुचलं न्हाई तिला. ते दिसलं का तुमाला?"

"देवी हाय म्हणतेत लोक, तर असंल. आपलं काय जायलंय?"

छबुबाईनं हातातली परात खाली ठेवली. "तुमच्या बापानं छप्पन साली धम्म घेताना घरातले देव टोपल्यात भरून नदीत सोडले. सोडताना मागं वळून बघितलं न्हाई, हे तुमीच सांगता छाती फुगवून. आन तुमी एका कपापायी देव परत आणायलेत. तेबी घरात न्हाई, पोरीच्या अंगात."

कचरूनं ती परात उचलून भिंतीला टेकवली. म्हणाला, "मग तिला झालंय तरी काय?"

याचं उत्तर छबुबाईकडे नव्हतं. उत्तर नसलं की तिचा राग दुप्पट होतो. त्या दिवशी शेजारच्या दोन कोंबड्या विनाकारण शिव्या खाऊन गेल्या.

उत्तराचा पत्ता दिला उपकेंद्रातल्या कौशल्याबाई सिस्टरनं. ती म्हणाली, "अंबाजोगाईला सरकारी दवाखान्यात मनाचे डॉक्टर हायत. चिठ्ठी देते, मंगळवारी घेऊन जा. आन उशीर करू नको, हे जितकं चालू द्याल तितकं घट्ट बसतं."

नेमका तोच मंगळवार माणिकरावांनीही धरला होता. दुसऱ्या दिवशी ते स्वतः आले, बंकटला घेऊन. या घराचा उंबरा त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ओलांडला आणि दार ठेंगणं म्हणून फेट्यासकट वाकले.

"मंगळवारी संस्थेचं सकाळचं सगळं दूध देवीला," त्यांनी सांगून टाकलं. "पोरीच्या हातानं दगडावर अभिषेक. मांडव टाकतोय. तुला काई करायचं न्हाई छबुबाई, पोरीला न्हाऊ घालून धाड फक्त."

"मंगळवारी तिला अंबाजोगाईला नेणार हाय मी. दवाखान्यात."

"येडी का काय तू," माणिकराव समजुतीच्या सुरात म्हणाले. "देवी म्हणलं तर मान हाय. दवाखान्यात नेलं की मेंटल म्हणत्याल. कोण करील मग तिला?"

छबुबाईनं उंबऱ्याकडे नजर वळवली. ही भीती तिलाही होतीच.

तिची नजर वळली, म्हणून माणिकरावांना हुरूप आला, आणि तिथंच ते चुकले. "आन देवी खरीच हाय ही. शफीच्या पोरीला तिनंच नेलं, लोक बी तेच म्हणायलेत. दुष्काळात एक जीव घेती ती. त्यात कुणाचा काय दोष?"

आतापर्यंत छबुबाईला वाटत होतं की माणूस भोळा आहे. ते वाक्य ऐकलं आणि तिला कळलं, तो भोळा नाही. देवीनं नेलं म्हटलं की कठडा कुणी पाडला हे विचारायचं कारणच उरत नाही. तिच्या पोरीला देवी म्हणून पाटावर बसवायचं होतं ते एवढ्यासाठी. बाईच्या हातात त्या वेळी कॅन घासायची तारेची घासणी होती. माणिकरावांचं नशीब की ती घासणी तिच्याच मुठीत राहिली. तळव्याला भोकं पडली तिच्या.

ते गेल्यावर ती तडक शफीच्या दारात. शफी टेम्पोचा हौदा धूत होता. तिनं सगळं सांगितलं. तो पाईप बाजूला ठेवून ऐकत राहिला.

"माझ्या कानावर आलंय, भाभी," तो म्हणाला. "बंकट तोंडावर म्हणला मला. शफीभाई, तुमची पोरगी नशीबवान, देवीच्या कामाला आली."

"आन तुमी काय म्हणलाव?"

"काय म्हणणार. त्याच्याच संस्थेचं दूध वाहतो मी." त्यानं तोंडावरून ओला हात फिरवला. "मंगळवारी दूध जाणार न्हाई, सगळं देवीला हाय. माझी गाडी रिकामीच हाय. सहाला निघू."

मंगळवारी संकलन सुरू व्हायच्या आधीच टेम्पो गावाबाहेर पडला. मधे मित्रा, कडेला छबुबाई. पोरगी काचेतून समोर बघत होती, पण रस्ता बघत नव्हती. मांजरसुंब्याच्या चौकात कुणीतरी मधोमध उभं राहून हात केला. कोपरापर्यंत पीठ लागलेला कचरू. तो मागच्या रिकाम्या हौद्यात चढला आणि अंबाजोगाईपर्यंत पत्र्याला धरून उभा राहिला. छबुबाईनं मागच्या खिडकीतून एकदा बघितलं. "पडू नका म्हणावं," ती शफीला म्हणाली. तिच्या तोंडून नवऱ्यासाठी याहून गोड कुणी ऐकलेलं नाही.

दवाखान्यात डॉक्टर एक तरुण बाई होती. मित्राला समोर बसवून तिनं विचारलं, "कधीपासून होतंय हे?"

"एप्रिलपासून," छबुबाई म्हणाली.

"आणि त्याच्या आधी काय झालं होतं?"

दीड महिन्यात मित्राला कुणी काय काय विचारलं होतं. पाऊस विचारला, जावई विचारले, म्हशी विचारल्या. हे एक कुणी विचारलं नव्हतं. आईनंसुद्धा नाही.

मित्रानं टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली. मग बोलली, दुसऱ्या कुणाची हकिकत सांगावी तसं. बादली लोकांच्या दोरात अडकली. सोडवायला सायरा वाकली. हात टेकायला काही नव्हतं. मागून रेटा आला. पडताना सायरानं दोर पकडला. "दोर माझ्या हातात होता. ती वर बघत होती माझ्याकडं. मी धरला होता. मग दोर पळाला. तवापासून हे हात माझे न्हाईत."

छबुबाईला हळद आठवली. सोललेल्या तळहातांवर तिनं स्वतः हळद भरली होती आणि एका शब्दानं विचारलं नव्हतं की हे कसं झालं. दोरानं सोलतात हात, त्यात काय विचारायचं, असं वाटलं होतं.

शफी दारातच उभा होता. आपल्या लेकीचा शेवट तो पहिल्यांदा ऐकत होता. तो आत आला आणि मित्रासमोर जमिनीवर उकिडवा बसला. "बेटा, एवढं वजन कुणाच्या हातानं धरवलं नसतं. तिथं कठडा नव्हता. तू काई सोडलं न्हाईस."

मित्रा रडली तेव्हा आधी नुसतं नाक वाहिलं, मग खांदे हलायला लागले, आणि मग तिनं जो गळा काढला तो बाहेर बाकावर बसलेल्या कचरूपर्यंत गेला. डॉक्टरबाईनं कुणाला थांबवू दिलं नाही.

नंतर तिनं छबुबाईला सांगितलं ते असं. पोरीला वेड लागलेलं नाही आणि देवीही नाही. सोसण्यापलीकडचं काही समोर आलं की मन माणसाला तिथून बाजूला काढतं, तग धरायला. पुढं तीच सवय होऊन बसते, जरा ताण आला की माणूस बाजूला. या वयात पुष्कळ मुलामुलींना होतं, विचारत कुणी नाही म्हणून कळत नाही. दर मंगळवारी यायचं, बोलायचं, वेळ लागेल. ती हरवायला लागली की पाय जमिनीवर दाबायला लावा, समोर काय काय दिसतंय ते मोठ्यानं सांगायला लावा. "आणि पूजेला बसवू नका. सगळं गाव तिला दुसरंच कुणीतरी म्हणायला लागलं, तर ती परत येणार कुठं?"

चारच्या सुमाराला टेम्पो गावात शिरला. संस्थेसमोर मांडव, मांडवात अख्खा गाव, आणि लिंबाखाली ओळीनं कॅन. सकाळपासून उन्हात उभे. दूध कधीच नासलं होतं, आंबूस वास वेशीपर्यंत येत होता.

माणिकराव टेम्पोला आडवे झाले. "उतरा खाली. माणसं सकाळधरनं उपाशी हायत देवीपायी."

गर्दी काचेला भिडली, हात जोडलेली. छबुबाईच्या दंडाला लागून बसलेली मित्रा गार पडत चालली होती. डोळे तसेच व्हायला लागले होते.

"पाय दाब," छबुबाई म्हणाली. "दाब खाली. काय दिसायलंय सांग मला. मोठ्यानं सांग."

"मांडव," मित्रा म्हणाली. "कॅन. दगडाबाई. बंकटकाका."

"आजून."

"चेरमनचा फेटा. लिंब. टँकरच्या चाकोऱ्या." ती थांबली, पाय दाबले. "विहीर. तिकडचा कठडा पाडलाय. सायरा तिथून पडली."

लोक सकाळपासून देवी काय बोलते ते ऐकायला बसले होते. हात जोडलेले होते ते कुणी सोडले, कुणी तसेच धरून राहिलं, आणि एकेक करून माना विहिरीकडे वळल्या. विहीर तिथून पन्नास पावलांवर. रोज पाणी शेंदायचे तिथं, पण इतक्या लोकांनी एकदम तिच्याकडे बघितलं नव्हतं.

"पोरीची शुद्ध न्हाई," माणिकराव म्हणाले.

छबुबाई खाली उतरली. ती ओरडली नाही, आणि तिला ओळखणाऱ्यांना हे ओरडण्यापेक्षा वाईट वाटलं. "शुद्ध हाय तिला. तुमीच तिला शुद्धीत येऊ दिलं न्हाई. चेरमन, देवीनं नेलं म्हणता न्हाई का? मग शफीभाई इथं उभे हायत. त्यांच्या तोंडावर म्हणा एकदा. मी ऐकते."

माणिकरावांनी शफीकडे बघितलं, मग बंकटकडे. बंकट कॅनाची झाकणं लावायला लागला. नासलेल्या दुधाला झाकण लावून काय राखायचं होतं कुणास ठाऊक.

"जाळी सांगितलेली हाय," माणिकराव म्हणाले. "सोमवारी बसती."

"पोरगी मार्चमदी गेली," शफी म्हणाला.

लोक उठले. ज्यानं त्यानं मान खाली घालून वाट धरली. जाताना मांडवाच्या दोऱ्याही कुणी सोडल्या नाहीत. माणिकराव जीपकडे गेले, एकटेच. छबुबाई टेम्पोला पाठ लावून उभी राहिली, शेवटचा माणूस जाईपर्यंत, एकेकाच्या तोंडाकडे बघत.

दगडाबाई मागं राहिली होती. जवळ आली, पदर तोंडाला लावून हळूच म्हणाली, "छबे, माझी नात हाय, धाकट्याची. दहावीला हाय. ती बी अशीच बघत बसती. म्हणती, आज्जे, मी सपनात हाय का खरी?"

"कवापासून?"

"दोन वर्सं झाली."

"आन तुमी काय केलं दोन वर्सं?"

"अंगारा लावला," दगडाबाई म्हणाली.

छबुबाईनं तिच्याकडे असं बघितलं की म्हातारी दोन पावलं मागं सरली. मग तिनं हौद्यात उभ्या असलेल्या कचरूला उतरायचा हात केला, टेम्पोचं दार उघडलं, आणि पोरीला धरून खाली घेता घेता, मागं न बघता म्हणाली, "मंगळवारी सहाला आणा तिला. काय झालं होतं ते आधी तिलाच विचारा. अंगारा घरी ठिवा."